थोरल्या बोटीचा भोंगा

जपानमधल्या हिगाशी-कसाई या वस्तीतलं आमचं घर रेल्वेच्या पुलाला इतकं खेटून होतं, की गाडी गेली की मांडणीवरच्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणायच्या. आईला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती, की गाड्या बंद पडल्या तर तिला चुकल्यासारखं व्हायचं आणि ती गॅलरीत जाऊन उगाच पुलाकडे बघून यायची. घरात तेव्हा आम्ही दोघीच. बाबांना कंपनीनं नागोयाला मोटारींच्या कुठल्याशा प्रकल्पावर पाठवलं होतं. ते पंधरवड्यातून एकदा पाठीला बॅग लावून यायचे, दोन दिवस राहायचे आणि जाताना डब्यातून चटण्या घेऊन जायचे. आई एका ओबेंतोच्या कारखान्यात बाइतो, म्हणजे अर्धवेळ नोकरी, करायची. दुपारपर्यंत डब्यात भात, मासा, लोणचं भरायचं काम. घरी आली की तिच्या केसांना शिरक्याच्या भाताचा वास यायचा, आणि त्याच हातांनी ती कुकर लावायची. मी चौदा वर्षांची होते. जपानी शाळेत जात होते आणि त्या वयात माझ्या डोक्यात काय शिरलं होतं कोण जाणे, पण आईनं मराठीत विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला मी जपानीत उत्तर द्यायचे. तिला कळायचं. ती रागवायची नाही. फक्त पुढचा प्रश्न पुन्हा मराठीतच विचारायची.

संध्याकाळी पालिकेच्या खांबावरच्या भोंग्यातून एक संथ, जरा उदास सूर वाजायचा. मुलांनो, आता घरी जा, असा त्याचा अर्थ. तो सूर आमच्या इमारतींच्या भिंतींवर आपटून दोनदा तीनदा ऐकू यायचा, आणि तो विरतो न विरतो तोच आईचा फोन वाजायचा. मिरजेची आजी. तिकडे तिचं दुपारचं जेवण उरकलेलं असायचं. ती एकटी राहायची, स्टेशनच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांत, आणि आई तिची एकुलती एक. फोन स्वयंपाकघरात डब्यांना टेकवून ठेवलेला, आजीचं फक्त कपाळ आणि वरचा पंखा दिसतोय, आणि दोघी बोलताहेत. इकडे आई कांदा चिरतेय, तिकडे आजी सुपारी कातरतेय. बोलणं काही विशेष नसायचं. भडंगाला लसूण किती ठेचायचा, इथल्या दुकानात मिळणारे चुरमुरे मिरजेच्या चुरमुऱ्यांसारखे हलके का नाहीत, सानूचे केस का कापलेस. सानू म्हणजे मी, सानिका. मला मध्येच पुढे ओढून स्क्रीनसमोर उभं केलं जायचं. मी "हो" आणि "नाही" एवढंच म्हणायचे आणि पळायचे. आजीचा आवाज मात्र माझ्या कानात पक्का बसला होता. बारीक, किंचित घोगरा, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी लांबवलेलं "अगं".

मग ती साथ आली आणि विमानं बंद झाली. आजीला दवाखान्यात नेलं हे आम्हाला तिच्या शेजाऱ्यांनी कळवलं. ती गेली हे दवाखान्यानं कळवलं. त्या दिवसांत तिकडे माणसं घरी परत देत नव्हते, त्यामुळे तिला कुणीच बघितलं नाही. शेजाऱ्यांनीही नाही. आई दोन दिवस फोन हातात धरून बसली होती, कुणीतरी निदान एक फोटो पाठवेल म्हणून. कुणाकडे नव्हताच. बाबा नागोयाहून आले, गच्च मास्क लावून, आणि तिच्या शेजारी नुसते बसून राहिले. मला आठवतं, तिसऱ्या दिवशी आई उठली, आंघोळ केली आणि म्हणाली की कोण गेलं ते मी बघितलेलं नाही, तेव्हा मला काही सांगू नका. तिनं आजीचा एक फोटो शेल्फवर ठेवला, पण त्याला हार घातला नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी मी एकदा शाळेतून आले. खालच्या भोंग्याचा सूर नुकताच संपला होता. बूट काढता काढता मला आई स्वयंपाकघरात बोलताना ऐकू आली. मेथी आता इथेच, कसाईत मिळते, हो, ताजी असते, नाही, सानू खात नाही अजून, असं काहीबाही. मध्ये थांबायची, ऐकायची, "हं, हं" म्हणायची, एकदा तर हसली. मला बरं वाटलं, कुणी मैत्रीण असेल. माझा टॅब चार्जिंगला लावायला आतल्या खोलीत गेले तर आईचा फोन तिथेच तारेला लावलेला, बंद. मी स्वयंपाकघरात गेले. आई कणीक मळत होती. तिच्यासमोर डब्यांना टेकवलेलं काहीच नव्हतं, पण ती डब्यांकडेच बघत होती. कुणाशी बोलत होतीस, मी जपानीत विचारलं. ती म्हणाली, "कुणाशी नाही गं. कणीक मळताना बोलते मी अशीच." ओट्यावर चहाचे दोन कप होते. त्यातला एक खिडकीशी ठेवलेला, भरलेला, आणि त्यावर साय धरली होती.

तेव्हापासून रोज. सूर वाजायचा, आई बोलायला लागायची. मी शेजारच्या खोलीत अभ्यासाला बसायचे आणि कान नको तितके टवकारलेले. सगळ्यात भीती कशाची वाटायची सांगू का? आईच्या बोलण्याची नाही. ती गप्प व्हायची त्या मधल्या वेळाची. ती गप्प बसणं रिकामं वाटायचं नाही. समोरचं माणूस वाक्य पुरं करेपर्यंत आपण जितकं थांबतो, तितकीच ती थांबायची. लांब वाक्य, आखूड वाक्य, सगळं त्या थांबण्यात कळायचं. आज इतक्या वर्षांनी मी नागोयात माझ्या स्वयंपाकघरात उभी असते, आणि बाहेर कुठेतरी तसाच भोंगा वाजला की माझा हात चालता चालता थांबतो.

बाबांच्या हे लक्षात आलं ते पुढच्या खेपेला. रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं की आपण तिघं डोंगरात जातोय. जरा चेंज होईल. प्रवासाची बंदी उठली होती आणि पानं लाल व्हायला लागली होती. वर उत्तरेकडे एक तळं होतं, त्यावर अजून कोळशावर चालणारी एक जुनी आगबोट होती, वर्षातले थोडेच आठवडे चालवायचे. बाबा मेकॅनिकल इंजिनिअर. गेली कित्येक वर्षं ते संगणकावरच्या गाड्यांखेरीज कशाला हात लावू शकले नव्हते. खरं इंजिन बघायला मिळणार म्हणून त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. त्या तळ्याचं नाव मी लिहीत नाही. तिथे लोक अजून राहतात, आणि त्यांना हे मी लिहिलेलं आवडेल असं वाटत नाही.

आम्ही काठावरच्या एका लहानशा खानावळीवजा मुक्कामात उतरलो. मालकीण होरिए-सान, साठीची बाई, एकटीच सगळं बघायची. संध्याकाळी तिनं आम्हाला तळ्यातले छोटे मासे मीठ लावून भाजून दिले. आई शाकाहारी म्हणून तिला रताळी आणि मुळ्याचा रस्सा. खाताना बाबांनी बोटीबद्दल विचारलं. होरिए-सानची तिकडची बोली आईला कळत नव्हती, म्हणून ती बोलायची आणि मी मराठीत सांगायचे. हे काम मला नावडतं होतं, पण तिथे दुसरं कोण करणार. ती म्हणाली की पूर्वी दोन बोटी होत्या. अगदी एकसारख्या, म्हणून गावात त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचे. आता चालते ती धाकटी. थोरली तिच्या आजोबांच्या काळात धुक्यात बुडाली, माणसांसकट. तळं फार खोल आहे आणि खालचं पाणी इतकं थंड, की बुडालेलं माणूस वर येत नाही. एकही सापडलं नाही.

आईनं जेवण थांबवलं. मग घरच्यांनी काय केलं, असं तिनं मला विचारायला सांगितलं. मी विचारलं. होरिए-साननं चहाची किटली उचलली. काय करणार, ती म्हणाली. धुकं पडलं की धाकटीत बसून जायचे. अजूनही कुणी कुणी जातं. धाकटी भोंगा देते, आणि कधी कधी उत्तर येतं. आपण नुसतं ऐकायचं. उलट बोलायचं नाही. मी हे जसंच्या तसं आईला सांगितलं. बाबा म्हणाले की तो प्रतिध्वनी असणार, आणि ते खरंही होतं. धुक्यात जुने कप्तान असंच करायचे. भोंगा द्यायचा आणि कान द्यायचा. कड्यावरून आवाज परत यायला जितका वेळ लागेल तितका किनारा लांब. होरिए-सानला मी तेही सांगितलं. तिनं मान हलवली, हो, तोही येतो.

सकाळी उठलो तर खिडकीबाहेर काही नव्हतं. तळं नाही, डोंगर नाही, अंगणातलं मॅपलचं झाड अर्धंच. बाबांना वाटलं फेरी रद्द होणार, पण धक्क्यावर बोट उभी होती आणि तिच्या काळ्या धुराड्यातून धूर निघून धुक्यात मिसळत होता. पांढरी, बुटकी, पितळेच्या कड्या चकचकीत घासलेल्या. आत लाल मखमलीची बाकं आणि छतावर काचेची फुलं. माणसं थोडीच होती, बहुतेक म्हातारी, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. सहलीला आलेल्या लोकांचा असतो तसा गलका नव्हता. जो तो आपली जागा ठरलेली असल्यासारखा जाऊन कठड्याशी उभा राहिला. आईनं स्वेटरवर शाल घेतली होती. मी मागे बसते, तुम्ही बघून या खाली, असं ती म्हणाली.

खाली इंजिनाची खोली काचेच्या तावदानातून बघता यायची. मी आत्तापर्यंत पुष्कळ यंत्रं पाहिली, पण इतकं जिवंत एकही नाही. तेलानं ओले झालेले जाडजूड दांडे सावकाश वर यायचे, खाली जायचे. डोक्याला पंचा गुंडाळलेला एक माणूस फावड्यानं भट्टीत कोळसा टाकत होता आणि तिचं दार उघडलं की त्याचा चेहरा लाल व्हायचा. पायाखालची फळी गरम होती. बाबा काचेला नाक लावून मला समजावत होते, हा सिलिंडर, हा वाल्व्ह, आणि त्यांचं मराठी-इंग्रजी एकमेकांत इतकं अडकत होतं की मी हसले. मग दांडे मंदावले आणि थांबले. अचानक इतकी शांतता झाली की बोटीच्या अंगावर पाणी चुळचुळताना ऐकू आलं. ऐकायला थांबलेत, बाबा कुजबुजले. वरून भोंगा झाला, लांब, जाड, छातीत घुमणारा. आम्ही वाट बघितली. कड्यावरून तो परत आला, बारीक होऊन. बाबांनी माझ्याकडे विजयी मुद्रेनं बघितलं. पुन्हा भोंगा, पुन्हा प्रतिध्वनी.

मग आमच्या बोटीनं भोंगा दिला नाही, आणि तरी भोंगा ऐकू आला. आमच्यासारखाच, तेवढाच जाड, बारीक झालेला नाही. जवळून.

कोळसेवाल्यानं फावडं खाली ठेवलं. डोक्याचा पंचा काढला, आणि समोरच्या लोखंडी भिंतीकडे वळून कमरेत वाकला. बाबा म्हणाले की दुसरी बोट असेल. पण त्यांनी माझ्याकडे बघून ते म्हटलं नाही, आणि या तळ्यावर दुसरी बोट नाही हे त्यांनीच मला आदल्या दिवशी गाडीत सांगितलं होतं. मला आई आठवली. मी जिना चढून वर पळाले.

डेकवरची सगळी माणसं एकाच दिशेला तोंड करून उभी होती. कुणी हलत नव्हतं, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. एका आजोबांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. त्यांच्या मधून वाट काढत मी मागच्या टोकाला गेले. तिथे कठड्यात एक मोकळी जागा होती, धक्क्यावर चढण्या-उतरण्यासाठी, एरवी साखळी लावलेली. ती साखळी आईच्या हातात होती. तिनं ती आकड्यातून काढली होती आणि ती पदराचं टोक धरावं तशी सहज धरून उभी होती. तिच्या पायांपुढे बोट संपत होती.

आणि तेव्हा मी ते ऐकलं.

"वसू," कुणीतरी म्हणालं. "अगं वसू, चहा निवतोय."

वसू म्हणजे आई, वसुधा. त्या देशात तिला या नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. बाबासुद्धा वसुधा म्हणायचे. तो आवाज मोठा नव्हता. लांबून हाक मारावी तसा नव्हता, शेजारच्या खोलीतून बोलावं तसा होता. बारीक, किंचित घोगरा. मी खरं सांगते, पहिल्या क्षणी मला भीती वाटलीच नाही. घरी आल्यासारखं वाटलं. वाटलं, चला, आजी आहे, चहा झालाय. भीती वाटली ती नंतर, जेव्हा मला कळलं की आवाज समोरून येत नाहीये. तो खालून येत होता, आमच्या पावलांच्याही खालून, पाणी होतं तिथून.

आई म्हणाली, "आले." रोज स्वयंपाकघरातून मला म्हणायची तसंच, अगदी साधं. आणि तिनं पाय उचलला.

मी तिची शाल धरली, शाल हातात आली. मग स्वेटर धरला, मग दोन्ही हातांनी कंबर. ती माझ्याहून उंच होती, आणि ती मला झटकत नव्हती, ओढत नव्हती, नुसती पुढे जात होती, जशी आपण दारातून जातो. माझा पाय ओल्या फळीवर सरकला. मला ओरडायचं होतं, पण तिला नाही. तिला सांगून उपयोग नाही एवढं मला कळलं होतं. मी पाण्याकडे तोंड केलं. होरिए-साननं उलट बोलू नका म्हणून सांगितलं होतं ते मला त्या क्षणीही आठवत होतं. आणि दोन वर्षांत घरात न बोललेलं मराठी माझ्या तोंडून आलं.

"आजी, आई येणार नाही. ती माझ्याजवळ राहणार आहे."

खाली काही हललं नाही. पाणी काळं आणि सपाट, त्यावर धुक्याचे लोळ. मी आईच्या पाठीला गाल लावून उभी होते आणि तिचं हृदय माझ्या कानात वाजत होतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग तो आवाज म्हणाला, "बरं."

राग नव्हता त्यात. दुःखही नव्हतं. भाजीवाला भाव कमी करत नाही म्हटल्यावर आपण म्हणतो तसं बरं. त्यानंतर लगेच आमची बोट हलली. मोठं जहाज अगदी शेजारून गेलं की त्याच्या लाटेनं लहान होडी वर उचलली जाते, तशी ती उचलली गेली आणि बाजूला कलली. आम्ही दोघी मागे पडलो, फळ्यांवर. डेकवरच्या म्हाताऱ्या माणसांनी कठडे धरले. आत कुठेतरी कपबश्या फुटल्या. दिसलं मात्र कुणालाच काही नाही. मग आमच्या बोटीनं एक आखूड भोंगा दिला, खाली दांडे हलायला लागले, आणि पाण्यात फेस उठला. खाली बाबा धडपडून एका खांबाला आपटले होते. ते वर आले तेव्हा कपाळावर टेंगूळ होतं. त्यांनी उघडी साखळी बघितली, आम्हाला बघितलं, आणि साखळी लावून टाकली.

धक्क्याला लागेपर्यंत आई आतल्या लाल बाकावर बसून होती. तिनं माझं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की बोटांचे वळ पुढे दोन दिवस राहिले. ती तळ्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत भीती होती, आणि दुसरंही काहीतरी होतं जे मला राग वाटलं. मी त्या वयात त्याचा एकच अर्थ लावला. तिची आई तिला शेवटचं भेटायला आली होती, आणि मी तिला परत पाठवलं होतं.

घरी आल्यावर स्वयंपाकघरातलं बोलणं थांबलं. भोंगा वाजायचा, विरायचा, आणि मग पुलावरची गाडी, आणि वाट्यांची किणकिण, बस. खिडकीशी कप दिसला नाही. बाबांचा जीव भांड्यात पडला. ते म्हणाले की ट्रिपचा उपयोग झाला, आणि बोटीवरच्या गोष्टीला ते शेवटपर्यंत भूकंपाचा धक्का म्हणत राहिले. मी आईशी मराठीत बोलायला लागले, तेही कुणी न सांगता. पण आईनं आजीचा फोटो शेल्फवरून काढून सूटकेसच्या तळाशी घातला. विमानं सुरू झाल्यावर ती मिरजेला गेली, दोन खोल्या रिकाम्या करून दिल्या आणि आठवड्यात परत आली. आजीची एकही वस्तू आणली नाही. पुढे दरवर्षी पितृपंधरवडा यायचा, ती बाबांच्या आईवडिलांच्या नावानं पान वाढायची. आजीचं पान वाढलं नाही. आजीचा विषय निघाला की उठून जायची. मी हे सगळं माझ्या खात्यावर घेऊन मोठी झाले. लग्न झालं, नोकऱ्या बदलल्या, केस पिकले, पण आईसमोर आजी हा शब्द उच्चारताना माझी जीभ अडखळायची.

बाबा गेल्यानंतर आई नागोयाला माझ्याकडे राहायला आली. तिची पंचाहत्तरी उलटली होती, पण हात स्वस्थ बसायचे नाहीत. दुधाची रिकामी खोकी धुवायची, कात्रीनं उघडायची, सपाट करून कचऱ्याच्या ठरलेल्या दिवसासाठी बांधून ठेवायची, हे तिनं स्वतःकडे घेतलं होतं. एका दुपारी ती तेच करत होती आणि मी भडंगाला लसूण ठेचत होते. लसणाच्या वासानं असेल, माझ्या तोंडून निघून गेलं. मी म्हटलं, आई, तू आजीचं नाव घेत नाहीस ते माझ्यामुळे ना? त्या दिवशी मी तिला नाही म्हटलं म्हणून.

आईची कात्री खोक्यातच थांबली. "तुझ्यामुळे कशाला?" ती म्हणाली. "तिनं काय केलं ते तू ऐकलंस ना."

मी म्हटलं, काय केलं?

"तुला बोलावत होती." आईनं कात्री खाली ठेवली. "सानू, ये बाळा, पाणी गार नाही. तीन वेळा म्हणाली. माझं नावही घेतलं नाही तिनं. स्वतःच्या नातीला न्यायला आली होती. म्हणून मी म्हटलं, आले. तुझ्याऐवजी मी जाईन म्हटलं. कुठली आई असं करते गं? मेल्यावर का होईना?"

लसणाचा वरवंटा माझ्या हातातच राहिला. मग मी तिला सांगितलं, मला काय ऐकू आलं होतं ते. वसू म्हणून हाक. चहा निवतोय. सानू हे नाव मी ऐकलं नव्हतं, पाणी गार नाही हेही नाही. तिनं मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. ती हळूहळू खुर्चीत बसली, आणि हातातलं खोकं उलटंसुलटं करत राहिली, जणू त्यावर काही छापलेलं ती वाचतेय. एकाच आवाजानं एकीला एक ऐकवलं होतं आणि दुसरीला दुसरं. जिला जे ऐकून पाऊल उचलावंसं वाटेल, ते.

"म्हणजे ती आई नव्हतीच," ती म्हणाली.

आईच्या चेहऱ्यावर काय काय झालं ते मला नीट लिहिता येणार नाही. मला वाटलं ती रडेल. थोडी रडलीही. पण मग ती एकदम हसायला लागली, तोंडाला हात लावून, खांदे हलवत.

"मी पण किती बावळट," ती म्हणाली. "अगं, माझ्या आईला पाण्याची केवढी भीती. वाडीला दत्ताच्या दर्शनाला गेलो, तर सगळ्या बायका नदीत डुबक्या मारायच्या आणि ही सगळ्यात वरच्या पायरीवर बसून तांब्यानं अंगावर पाणी घ्यायची. एकदा होडीतून पलीकडे जायचं होतं, तर भर घाटावर खांब धरून बसली आणि नावाड्याला म्हणाली, तुम्ही जाऊन या, मी इथेच नमस्कार करते. ती कशाला येतेय तळ्यात?"

त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत आजीबद्दल बोलत होती. तिचं सुपारी कातरणं, तिचं नवऱ्यावर रुसणं, सायकल शिकताना पडून दात तुटणं. मी यातलं काहीच कधी ऐकलेलं नव्हतं. भडंग पुरतं जळालं, कुणाच्या लक्षात आलं नाही. बाहेर अंधारून आलं तशी मी उठून दिवा लावला आणि खिडकी ओढून घेतली. खिडकी नीट लागली का, असं आईनं विचारलं. लागली, मी म्हटलं. मग तळ्यात कोण होतं, हे आम्ही दोघींनी एकमेकींना विचारलं नाही.